वार्धक्याची सोय आणि तिचा व्यवहार



वसंत व्याख्यानमालेत शिशिराचा विषय कशाला, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. परंतु व्याख्यानाला नेमाने येणाऱ्या मंडळींकडे एकदा नजर टाकली म्हणजे हा विषय सभेला परका नाही याची खात्री पटते. ज्यांचे केस अजून काळे आहेत त्यांच्याही घरी कोणी ना कोणी पांढऱ्या केसांचे आहेच. आणि दिवस कोणासाठी थांबत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते, पण ते बहुतेक भावनेच्या अंगाने होते. मुले कृतघ्न झाली, सुना बदलल्या, परदेशाने घरे ओस पाडली, हे आपण ऐकतो व सुस्कारा टाकतो. या सुस्काऱ्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु सुस्काऱ्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली जात नाही. ती बदलायला दोन हात लागतात, त्या हातांना पगार लागतो, आणि तो पगार कोणाच्या तरी खिशातून यावा लागतो. म्हणून आज वार्धक्याच्या भावनेची बाजू दुसऱ्या वक्त्यांवर सोपवून आम्ही तिच्या व्यवहाराची बाजू मांडणार आहोत.

प्रथम हा प्रश्न आजच एवढा मोठा का झाला ते पाहू. १९५१ च्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. या वाढीतला मोठा वाटा बालमृत्यू घटल्याचा आहे हे खरे. पण साठी गाठलेल्या माणसालाही आज सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षांचे आयुष्य असते. २०११ च्या जनगणनेत साठीपलीकडची माणसे १० कोटी ३८ लाख, म्हणजे शंभरात साडेआठांहून अधिक भरली. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात जवळजवळ दहा होते. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती, आणि नावावर घर किंवा निवृत्तिवेतन असण्याचा संभव त्यांच्या बाबतीत कमी, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपण ‘म्हातारे’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे काठी टेकत फिरायला निघालेले आजोबा येतात; पण या प्रश्नाचा खरा चेहरा घरी एकट्या राहिलेल्या आजींचा आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘पूर्वी एकत्र कुटुंब होते, तेव्हा असे काही लागत नसे.’ एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांची सेवा होत असे हे आम्हांला मान्य आहे. परंतु ती कोण करीत असे, हे सांगायचे आपण विसरतो. ती सून करीत असे. कधी माहेरी परत आलेली विधवा बहीण किंवा आत्या करीत असे. त्या सेवेला वेतन नव्हते, सुट्टी नव्हती, आणि ‘मला हे होत नाही’ असे म्हणण्याची सोय तर नव्हतीच. फुकट मिळत होती म्हणून ती स्वस्त होती असे नव्हे. तिची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी आयुष्यातून वळती होत होती. आज ती सून नोकरीला जाते, मुलगा परगावी किंवा परदेशी असतो, आणि जो खर्च पूर्वी वहीत दिसत नव्हता तो आता दिसू लागला आहे.

या गरजेतून ज्या सोयी निघाल्या त्यांचे साधारण चार प्रकार पडतात. पहिला धर्मादाय वृद्धाश्रमाचा. हा जुना आहे. डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली आणि आज ‘निवारा’ या नावाने पुणेकरांना ठाऊक असलेली संस्था याच परंपरेतली. दुसरा प्रकार अनामत रक्कम व मासिक शुल्क भरून राहण्याच्या वृद्धाश्रमाचा. तिसरा निवृत्तांच्या वसाहतींचा. पुण्यातील ‘अथश्री’सारख्या वसाहती या शतकाच्या आरंभापासून लोकांच्या परिचयाच्या झाल्या. तेथे माणूस सदनिका विकत घेतो किंवा भाड्याने घेतो, आणि जेवण, साफसफाई, डॉक्टर, सोबत यांची व्यवस्था त्याच आवारात असते. चौथा प्रकार शुश्रूषाकेंद्रांचा: ज्यांना उठता-बसता येत नाही, ज्यांची स्मृती गेली आहे, अशांसाठी.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे, आणि आमच्या आजच्या सांगण्याचा गाभा तोच आहे. येथे जे विकले जाते ते दिसते घरासारखे, पण असते वचनासारखे. घर एकदा बांधून दिले की बांधणाऱ्याचे काम संपते. सेवेचे वचन मात्र पंधरा-वीस वर्षे रोज सकाळी नव्याने पाळावे लागते. शिवाय घर घेताना माणूस धडधाकट असतो. बाग पाहतो, वाचनालय पाहतो, गच्चीवरून टेकडी दिसते का ते पाहतो. वचनाची कसोटी लागते ती तो धडधाकट राहत नाही तेव्हा. आणि त्या वेळी दुसरीकडे जाण्याची ना त्याच्या अंगात ताकद असते, ना गाठीशी पैसा. बाजारात भाजी वाईट निघाली तर उद्या दुसऱ्या गाड्यावरून घेता येते. ऐंशीव्या वर्षी वृद्धाश्रम बदलणे असे सोपे नाही.

आता थोडे त्रैराशिक मांडू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ रात्रंदिवस कोणी हवे. आठ तासांच्या दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला एकवीस. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करणार; म्हणजे एक जागा सदैव भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात, आणि रजा-आजारपण धरले तर चार. आता चाळीस परावलंबी रहिवाशांचे केंद्र घ्या, आणि दर पाच जणांमागे एक सेविका धरा. कोणत्याही क्षणी आठ सेविका हजर हव्यात, म्हणजे पटावर बत्तीस हव्यात. प्रत्येकीला महिना पंधरा हजार रुपये धरले तर वेतनाचे चार लाख ऐंशी हजार होतात. दर रहिवाशामागे बारा हजार. यात जेवण नाही, औषध नाही, परिचारिका नाही, जागेचे भाडे नाही, वीज-पाणी नाही.

शुल्क परवडत नाही म्हणून रहिवासी कुरकुरतात, आणि चालकाला खर्च कमी करावा लागतो, तेव्हा तो कोठे कमी होतो? बागेत नाही, कारण बाग पाहुण्यांना दिसते. तो सेविकांच्या संख्येत कमी होतो. पाचांऐवजी दहा जणांमागे एक सेविका ठेवली की बारा हजारांचे सहा हजार होतात. पण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दहा माणसांना दोन तासांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे आली. त्या बारा मिनिटांत कूस बदलायची, अंग पुसायचे, कपडे पालटायचे, घास भरवायचा, आणि ‘आजी, आज कसं वाटतंय?’ एवढे विचारायचे. शेवटचे काम प्रथम सुटते. मग दुसरे सुटते. निर्दयपणा बहुतेक वेळा असाच येतो; तो दुष्ट माणसाच्या हातून येण्यापेक्षा तोकड्या पटावरून अधिक येतो.

दुसरे गणित महागाईचे. दर वर्षी शेकडा सहा या वेगाने किमती वाढल्या तर बारा वर्षांत त्या दुप्पट होतात. पासष्टाव्या वर्षी महिना वीस हजार रुपये भरून जो माणूस सुखाने आत जाईल, त्याला सत्त्याहत्तराव्या वर्षी चाळीस हजार आणि एकोणनव्वदाव्या वर्षी ऐंशी हजार भरावे लागतील. ज्यांना महागाईभत्त्यासह सरकारी निवृत्तिवेतन आहे त्यांची यातून कशीबशी वाट निघेल. परंतु कारखान्यात, छापखान्यात, खाजगी पेढीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांचे काय? भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान वेतन महिना एक हजार रुपये ठरले, आणि त्याला महागाईची जोड नाही. मुदत ठेवीचे व्याज तेवढेच राहते आणि शुल्क वाढत जाते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण येथे पाय आहेत तेवढेच राहतात आणि अंथरूणच दर वर्षी आखडते.

हा धंदा मोठ्या भांडवलाच्या हाती गेला म्हणजे आपोआप सुरळीत होतो, अशीही एक समजूत आहे. तिच्यासाठी इंग्लंडचे उदाहरण पुरे आहे. ‘सदर्न क्रॉस’ ही तेथील वृद्धशुश्रूषेची सर्वांत मोठी कंपनी. सुमारे साडेसातशे केंद्रे आणि एकतीस हजार रहिवासी. तिने आपल्या इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या, आणि भाडे वर्षावर्षाला वाढत जाईल असे करार केले. विकून आलेल्या पैशावर विस्तार झाला. पुढे नगरपालिकांनी गरीब रहिवाशांसाठी द्यावयाच्या रकमेला कात्री लावली, खाटा रिकाम्या राहू लागल्या, भाडे मात्र चढतच राहिले. आणि २०११ साली कंपनी कोसळली. एकतीस हजार म्हाताऱ्या माणसांची घरे दुसऱ्या चालकांकडे सोपवावी लागली. त्यातून शहाणपण शिकून तेथील २०१४ च्या कायद्याने मोठ्या चालकांची आर्थिक प्रकृती वेळोवेळी तपासण्याचे काम सरकारी निरीक्षकांकडे दिले. म्हणजे केवळ स्वयंपाकघर स्वच्छ आहे की नाही हे पाहून भागत नाही. चालकाची खतावणीही पाहावी लागते.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. आपली सारी मिळकत मुलांच्या नावे करून मोकळा झालेला आणि मग घरोघर नकोसा झालेला अप्पासाहेब बेलवलकर महाराष्ट्राने पाहिला, डोळे पुसले, आणि घरी येऊन पुष्कळांनी तेच केले. सदतीस वर्षांनी, २००७ साली, संसदेने आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा केला. त्याचे तेविसावे कलम जणू बेलवलकरांसाठीच लिहिले आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. मात्र अशी अट होती हे दिसावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. आणि २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हणून एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. तात्पर्य एवढेच की, द्यायचेच असेल तर सांभाळण्याची अट कागदावर स्वच्छ लिहा. मुलावर अविश्वास म्हणून नव्हे. मुलाच्या पश्चात जो येईल त्याच्यासाठी.

याच कायद्याने निर्वाहाचा दावा चालवायला न्यायाधिकरणे नेमली, आणि साधारणपणे नव्वद दिवसांत निकाल लागावा असे म्हटले. परंतु देववता येणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये ठेवली. मघाशी आपण पाहिले की केवळ सेविकांच्या वेतनाचेच बारा हजार होतात. ही मर्यादा उठवणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. कायद्यात असेही आहे की राज्य सरकार दर जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक तरी वृद्धाश्रम ‘काढू शकेल’. ‘काढील’ असे नाही, ‘काढू शकेल’. सरकारी भाषेतला हा एक शब्द केवढा अवजड आहे, हे ज्यांनी अर्ज हातात घेऊन खेटे घातले आहेत त्यांना सांगायला नको.

निवृत्तांच्या वसाहतींबद्दल केंद्र सरकारने २०१९ साली नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत बांधणारा, सेवा देणारा आणि घेणारा या तिघांत मिळून करार व्हावा अशी शिफारस आहे. महाराष्ट्रात महारेराने २०२४ साली अशा इमारतींसाठी किमान निकष ठरवून दिले: उद्वाहन, चाकांची खुर्ची जाईल अशी दारे, उतरण, कठडे, पुरेसा उजेड. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु हे निकष मुख्यतः इमारतीचे आहेत. दार किती रुंद असावे हे ठरले. त्या दारातून रात्री दोन वाजता हाकेला कोण येईल, ते अजून ठरायचे आहे.

आणि येथे आम्हांला त्या येणाऱ्या बाईविषयी बोलले पाहिजे. आपण तिला ‘मावशी’ म्हणतो. हे नाते जोडणे गोड आहे. पण पुष्कळदा आपण नाते जोडतो आणि वेतन तोडतो. ब्युरोकडून आलेली मावशी बारा-बारा तासांची पाळी करते. तिच्या मजुरीतून ब्युरोचा हिस्सा जातो. तिला रजेचा, आजारपणाचा, स्वतःच्या म्हातारपणाचा आधार क्वचितच असतो. स्मृती गेलेल्या माणसाला कसे सांभाळावे हे तिला कोणी शिकवलेले नसते, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाने असा स्मृतिभ्रंश असलेली सुमारे ८८ लाख वृद्ध माणसे या देशात आहेत. आपल्या आईला उचलणाऱ्या बाईची कंबर गेली तर तिला कोण उचलणार, हा प्रश्न ज्या समाजाला पडत नाही, त्याने वृद्धसेवेच्या गोष्टी सांगू नयेत.

मग उपाय काय? परदेशाची नक्कल करावी असे आम्ही म्हणत नाही. पण पाहण्यासारखे आहे ते पाहावे. जपानने १९९७ साली कायदा करून २००० सालापासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. गरज किती आहे ते तपासून पायऱ्या ठरतात, आणि घेणाऱ्याला खर्चाचा साधारण दहावा हिस्सा स्वतः द्यावा लागतो, ऐपतदारांना अधिक. तेथेही अडचणी आहेत; पैशाची ओढ आहे, आणि काम करणारी माणसे पुरत नाहीत. पण ‘म्हातारपण ज्याचे त्याने निभवावे’ हे सूत्र त्या देशाने सोडून दिले. आपल्याकडे २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळण्याची सोय झाली, ही चांगली गोष्ट झाली. मात्र रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे महिने तिच्या बाहेर राहतात. आणि वार्धक्याचा खर्च त्या महिन्यांचाच असतो.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. केरळात १९९३ साली कोझिकोडे येथे वेदनाशामक सेवेचे काम सुरू झाले, आणि पुढे मलप्पुरमच्या बाजूला गावोगावचे स्वयंसेवक त्यात आले. शेजाऱ्यांनी शिकून घ्यायचे, वर्गणी काढायची, परिचारिकेबरोबर घरोघर जायचे. २००८ साली त्या राज्याने यासाठी धोरणच जाहीर केले. टोलेजंग इमारत नाही, अनामत नाही. आहे ती गल्लीची जबाबदारी. गणपतीची वर्गणी ज्या गल्लीत बिनबोभाट जमते, तिला हे अशक्य आहे असे आम्हांला वाटत नाही.

तोवर, ज्यांना वृद्धाश्रमात किंवा वसाहतीत जायचे आहे त्यांनी सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. रात्रीच्या पाळीला किती माणसे असतात? मी अंथरुणाला खिळलो, किंवा मला माझे नाव आठवेनासे झाले, तर येथेच ठेवाल की मुलांना बोलावून घ्याल? शुल्क दर वर्षी कशाच्या आधारे वाढेल? अनामत कोणत्या खात्यात राहते, आणि मी गेल्यावर किती दिवसांत कोणाला परत मिळते? बांधणारा निघून गेल्यावर सेवा कोण देणार? आणि जमाखर्च दाखवाल काय? जो चालक या प्रश्नांनी रागावेल त्याच्या बागेला नमस्कार करून परत फिरावे. जो बसवून घेऊन उत्तरे देईल, त्याचे शुल्क थोडे जास्त असले तरी घासाघीस करताना मघाची बारा मिनिटे आठवावीत.

ज्यांना जायचे नाही त्यांनाही काम आहे. गावातल्या वृद्धाश्रमाला वाढदिवसाच्या दिवशी लाडू पाठवणारे पुष्कळ आहेत. लाडू पाठवावेत, पण वर्षातून दोन वेळा अवेळी जाऊन यावे, रहिवाशांशी बोलावे, हिशेब मागावा. डॉक्टर, वकील, बँकेतून निवृत्त झालेले हिशेबनीस यांची अशी एक समिती प्रत्येक शहरात असावी. तिला कायद्याने अधिकार नसेल. पण नागरिकांची नजर हाही एक अधिकारच आहे, आणि चांगल्या चालकाला तिचा आधारच वाटेल.

वृद्धाश्रम असणे ही समाजाची लाज आहे, असे वाक्य टाळ्या घेते. आम्हांला ते पटत नाही. दवाखाना असणे ही लाज नव्हे, शाळा असणे ही लाज नव्हे. मग ज्यांना घरी कोणी नाही, किंवा असून उपयोग नाही, किंवा ज्यांना स्वतःच्या खुशीने समवयस्कांत राहायचे आहे, त्यांच्यासाठी जागा असण्यात लाज कसली? लाज आहे ती अशी जागा असून तिकडे कोणी न फिरकण्यात. आणि मुलांच्या कर्तव्याचे नाव पुढे करून सरकारने, नगरपालिकेने व आपण शेजाऱ्यांनी अंग काढून घेण्यात. आपल्या पूर्वजांनी आयुष्याचे चार आश्रम सांगितले आणि त्यांतल्या प्रत्येकाचे धर्म ठरवून दिले. आजच्या वानप्रस्थाला वन उरलेले नाही. त्याची जागा आपल्याच गावात, आपल्याच पैशाने आणि आपल्याच देखरेखीखाली करावी लागणार आहे; आणि जी आज दुसऱ्यांसाठी करू ती उद्या आपल्यालाच वापरायची आहे.